वंशवृक्षाबाहेर राहिलेली नावे

कुळाचा इतिहास शोधावयास निघालेला मनुष्य बहुधा मूळ पुरुषाच्या शोधास निघालेला असतो. तो मूळ पुरुष कोणी पराक्रमी असावा, एखाद्या राजाच्या वा सरदाराच्या पदरी असावा, निदान त्याच्या नावाची एखादी सनद तरी निघावी, अशी त्याची मनोमन इच्छा असते. ही इच्छा स्वाभाविक आहे व तीत दोष देण्यासारखे काही नाही. परंतु जुने कागद आपली इच्छा पाहून लिहिलेले नसतात. ते कर गोळा करण्याकरिता, कर्जाची वसुली करण्याकरिता, श्राद्धकर्माकरिता, किंवा मुलास शाळेत दाखल करण्याकरिता लिहिलेले असतात. आणि म्हणूनच, ज्याची आपण कल्पनाही केलेली नसते, असे काहीतरी ते आपल्या हाती ठेवतात. सेवानिवृत्तीनंतर गेली काही वर्षे आम्ही आमच्या घराण्याच्या माहितीचा शोध करीत आहोत. त्यात जे आढळले ते केवळ आमच्या घरापुरते नसून समाजातील पुष्कळ कुटुंबांस विचार करावयास लावील, असे वाटल्यावरून ते या स्मरणिकेच्या द्वारे ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

महाराष्ट्रात अशा शोधाची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून घरोघरची दप्तरे मिळविली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे १९३० ते १९३४ या काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. गेल्या शतकात पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्तही छापून काढले. ज्यांच्या घरी वतने, इनामे आणि सनदा होत्या, त्यांचे काम त्या मानाने सुकर होते. आपणां शिंप्यांच्या घरी सनदांचे रुमाल नव्हते. कातर, गज आणि सुईदोरा होता. त्यामुळे आपल्याला इतिहासच नाही, अशी समजूत आपल्यातील कित्येक सुशिक्षित माणसेसुद्धा बाळगून असतात. ही समजूत निराधार आहे.

पेशवाईत कारागीर व दुकानदार यांच्यावर मोहतर्फा नावाचा कर बसविलेला असे. त्याच्या याद्यांत कसब्यांतील व पेठांतील धंदेवाल्यांच्या नोंदी आढळतात, आणि तेली, साळी, कोष्टी, रंगारी यांच्या पंक्तीस शिंपीही तेथे हजर असतो. कर भरताना आपल्या पूर्वजांनी कपाळास हात लावला असेल. पण त्या करानेच त्यांची आठवण राखली. इंग्रजी अमलात गावचे जन्ममृत्यू नोंदले जाऊ लागले. त्या नोंदवह्यांस आज गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतात व त्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहावयास मिळतात. मराठी शाळांची जनरल रजिस्टरे आहेत. नोंदणी कार्यालयात खरेदीखते व गहाणखते आहेत. आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इत्यादी क्षेत्रांत तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. मूळ गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वही उघडून आपल्या पणज्याची सही दाखवितात, हा अनुभव ज्याने घेतला असेल त्यास तो जन्मभर विसरता येत नाही.

अलीकडे हा शोध केवळ हौसेचा राहिलेला नाही. आपल्या मुलामुलींस जातवैधता प्रमाणपत्र काढावे लागते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विशेष मोलाचा मानला जातो, आणि अर्जासोबत वंशावळ शपथेवर द्यावी लागते. त्या निमित्ताने ज्यांनी कधी आजोबांचे पूर्ण नाव विचारले नव्हते, त्या घरांतूनही जुन्या दाखल्यांची शोधाशोध सुरू झाली आहे. मग कोणास आजोबांच्या दाखल्यावर ‘शिंपी’, थोरल्या आजोबांच्या दाखल्यावर ‘नामदेव शिंपी’, तर तिसऱ्या भावाच्या दाखल्यावर नुसते ‘हिंदू’ असे आढळते. कोणास आपले आडनाव तीन पिढ्यांपलीकडे लागतच नाही. याचे कारण साधे आहे. जुन्या व्यवहारात माणूस ओळखला जाई तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने व धंद्याने. आडनाव कित्येक घरांत शाळामास्तराने दाखल करून घेताना जे लिहिले तेच पक्के झाले. एक भाऊ गाव सोडून दुसरीकडे गेला तर त्यास मूळ गावावरून ‘कर’ लागले, आणि मागे राहिलेला भाऊ जुन्याच नावाने राहिला. दोन भिन्न आडनावांची घरे एकाच रक्ताची निघावीत आणि एकाच आडनावाची घरे परस्परांस परकी निघावीत, हा प्रकार आपल्या समाजात मुळीच दुर्मिळ नाही.

जुने कागद वाचावयाचे तर मोडी लिपी आली पाहिजे. शासनाच्या पुराभिलेख विभागातर्फे व काही संस्थांतर्फे मोडीचे वर्ग चालविले जातात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याकरिता मराठवाड्यात जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची उणीव सर्वांच्याच ध्यानी आली. लिपीबरोबर कालगणनाही समजून घ्यावी लागते. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, आणि वर्षाचे अखेरचे महिने असतील तर ७९ मिळवावे लागतात. फसलीच्या आकड्यात ५९० किंवा ५९१, आणि शुहूर सनाच्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. ते शकाप्रमाणे १६८२ आणि शुहूर सनाप्रमाणे ११६१ या वर्षी पडते. हा हिशेब ठाऊक नसला की पणजोबा खापरपणजोबांच्या आधी जन्मलेले दिसू लागतात.

याखेरीज दोन लहानसे शब्द ओळखून ठेवावेत. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ असेल तर त्याचा अर्थ ‘अमक्याचा मुलगा’ असा होतो. स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ असेल तर त्याचा अर्थ ‘अमक्याची बायको’ असा होतो. आमच्या घराण्याची सारी गुंतागुंत या ‘कोम’ शब्दानेच उकलली. ती हकीकत आता सांगतो.

आमच्या घरात परंपरेने चालत आलेली समजूत अशी, की आमचा मूळ पुरुष पेशव्यांच्या लष्कराबरोबर तंबू व राहुट्या शिवण्याकरिता फिरत असे, आणि पुढे तो नगरच्या बाजूस एका बाजारपेठेच्या गावी स्थायिक झाला. लग्नकार्यात, जागरणगोंधळाच्या वेळी, वडीलधारी माणसे ही कथा अभिमानाने सांगत. घरी जो हस्तलिखित वंशवृक्ष होता, त्यात याच पुरुषापासून खाली पाच पिढ्या मांडलेल्या होत्या. त्यांपैकी एका पिढीत दोन भाऊ. त्यांच्यापासून थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा निघाल्या. आम्ही थोरल्या पातीचे. संपूर्ण वृक्षात एकाही स्त्रीचे नाव नव्हते.

प्रथम आम्ही गावच्या मराठी शाळेचे जुने रजिस्टर पाहिले. त्यात आमच्या पणजोबांचे नाव १८८० साली दाखल झालेले आढळले. वय ८ वर्षे, धंदा शिंपीकाम, बापाचे नाव व आडनाव घरच्या वंशवृक्षाप्रमाणेच. येथवर सर्व यथास्थित होते. नंतर आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो. उपाध्यायांनी गावावरून वही काढली. शके १८४१, म्हणजे १९१९ सालच्या एका पानावर दोघा भावांची नोंद एकाच दिवशी, एकाखाली एक होती. दोघे आईचे क्रियाकर्म करण्याकरिता आले होते. खाली पणजोबांची मोडी सही होती. अक्षर कापड बेतणाऱ्या माणसास शोभेल असे नेटके व सरळ. त्यांचे अक्षर आम्ही पूर्वी कधी पाहिले नव्हते. आणि त्या सहीच्या वरच, पणजोबांच्या बापाच्या जागी, वंशवृक्षात कोठेही नसलेले एक नाव लिहिलेले होते. मूळ गाव नगर जिल्ह्यातील नव्हे, तर सोलापूर जिल्ह्याच्या करमाळे तालुक्यातील होते. धाकट्या भावाच्या नोंदीत मात्र बापाचे नाव वंशवृक्षातलेच होते. दोघांच्या नोंदीत आईचे नाव एकच होते.

बाप दोन आणि आई एक, याचा अर्थ काय? उपाध्यायांची चूक म्हणावी तर दोघा भावांनी समक्ष सांगून, सही करून दिलेली नोंद होती. पिंडदानाच्या वेळी मनुष्य सहसा खोटे सांगत नाही. कारण पिंड ज्याचा त्यास पोचावयाचा असतो. शाळेतील नोंद चूक म्हणावी तर पुढील सर्व कागदांत पणजोबा त्याच नावाने वावरलेले दिसतात. हा उलगडा होण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. धाकट्या पातीच्या घरी माळ्यावरच्या एका पत्र्याच्या पेटीत एक मोडी खरेदीखत सापडले. शके १८१६, म्हणजे १८९४-९५ साल. पेठेतील एक खण जागा ११० रुपयांस विकत घेतल्याचा तो दस्त होता. याच जागेवर आमचे दुकान पुढे तीन पिढ्या चालले. घेणाराच्या जागी नाव होते ते आमच्या खापरपणजीचे, आणि तिच्या नावापुढे ‘कोम’ म्हणून वंशवृक्षातल्या पुरुषाचे, मयत असा शेरा मारून. साक्षीदार म्हणून दोन्ही मुलांची नावे होती.

त्यानंतर धाकट्या पातीच्या नव्वदीतील एका आत्याबाईंस आम्ही भेटलो. घरातील कोणाही पुरुषाने आम्हांस जे सांगितले नव्हते, ते त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. त्या म्हणाल्या, “मोठी आई दुष्काळात मातीच्या पाट्या टाकीत टाकीत इकडं आली. कडेवर पोर होतं. इथं आल्यावर पाट लागला.” त्यांनी हे त्यांच्या आजीकडून ऐकले होते. आजीने ते पुरुषांस ऐकू न जाईल अशा बेताने सांगितले होते.

दुष्काळ म्हणजे १८७६ ते १८७८ चा. १८७६ साली दख्खनच्या पठारावर पावसाने दगा दिला आणि सोलापूर, नगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांवर मोठे संकट कोसळले. सरकारने दुष्काळी कामे काढली. धोंड-मनमाड रेल्वेचे मातीकाम दुष्काळग्रस्तांच्या हातून करून घेण्यात आले, व तो मार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर, धान्याच्या हिशेबावर आणली. तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले होते. पुणे सार्वजनिक सभेने त्या काळी लोकांच्या हालअपेष्टा सरकारच्या कानी घालण्याची मोठी खटपट केली. या कोलाहलात करमाळ्याकडील एक तरुण विधवा, चार-पाच वर्षांच्या मुलास घेऊन, रेल्वेच्या मातीवर पोट भरीत नगरच्या बाजूस आली. तिचा नवरा कोठे व कशाने गेला हे कोणत्याही कागदात नाही. जेथे काम संपले तेथील एका शिंप्याशी तिचा पाट लागला. त्याने मुलास आपले नाव देऊन शाळेत घातले. पुढे तिला दुसरा मुलगा झाला. दुसरा नवराही निवर्तल्यावर तिने शिवणकाम करून दोन्ही मुले वाढविली, आणि दुकानाची जागा स्वतःच्या नावे विकत घेतली. १९१८ सालच्या मानमोडीच्या साथीत ती मरण पावली. कोतवाल बुकात तिच्या मृत्यूची नोंद आहे. वय ६५, कारण ‘ताप’. पुढील वर्षी दोघे भाऊ बरोबरच त्र्यंबकेश्वरी गेले. तेथे प्रत्येकाने आपापल्या जन्मदात्याचे नाव सांगितले, आणि परत येऊन दोघे पूर्ववत् एकाच आडनावाने, एकाच दुकानात बसले.

म्हणजे जे आडनाव आम्ही लावतो ते रक्ताने आमचे नाही. पेशव्यांच्या तंबूंची कथा खरी असल्यास ती धाकट्या पातीच्या पूर्वजांची आहे. आमचा पूर्वज करमाळ्याकडचा, दुष्काळाच्या दिवसांत नाहीसा झालेला एक माणूस आहे. शाळेच्या रजिस्टरात पोसणाऱ्या बापाचे नाव आहे आणि तीर्थाच्या वहीत जन्म देणाऱ्या बापाचे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. वंशवृक्ष तेवढा अपुरा होता, कारण या दोहोंस जोडणारी जी एक व्यक्ती होती, तीच त्यात नव्हती.

ही माहिती समाजाच्या नियोजित कुलवृत्तान्तासाठी तक्त्यात भरून देण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा धाकट्या पातीचे सर्वांत वडील, आमचे चुलतबंधू, यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “आण्णा, शंभर-सव्वाशे वर्षं झाकून राहिलं ते आता छापायचं कशाला? घरात पोरी लग्नाच्या आहेत. पाटाचं घर म्हणून कोणी नाव ठेवलं तर?” त्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. समाजातील अनेक घरे याच भयाने जुने कागद उघडावयास कचरतात, किंवा उघडले तरी त्यातील सोयीचे तेवढे ठेवून बाकीचे गाळतात. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही येथे थोडा विस्ताराने करतो.

पहिली गोष्ट अशी, की आपल्या ज्ञातीत पाटाची चाल पूर्वापार होती. ती चोरूनमारून होत नसे. पेशवाईत तर पाटदाम नावाचा करही घेतला जाई. जे राजरोस चालते त्यावरच सरकार कर घेते. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री पंडित यांच्यासारखे सुधारक वरिष्ठ म्हणविणाऱ्या ज्ञातींत विधवाविवाह व्हावेत म्हणून जिवाचे रान करीत होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांस वाळीत टाकले. जी गोष्ट करण्यास कर्व्यांसारख्या पुरुषास एवढे सोसावे लागले, ती आपल्या समाजात साध्या माणुसकीची रीत म्हणून चालत आली होती. कर्व्यांच्या विवाहानंतर एक-दोन वर्षांतच आमच्या खापरपणजीने दुकानाची जागा घेतली, आणि दस्त लिहिणाराने तिचे नाव व तिच्या दुसऱ्या नवऱ्याचे नाव कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले. लाज त्या काळी नव्हती. ती पुढे, इतरांचे पाहून, आपण आपल्या घरात आणली. आणि वंशवृक्षातून स्त्रियांची नावे त्याच सुमारास नाहीशी झाली असावीत असे वाटते.

दुसरी गोष्ट धर्माची. स्त्रियांची नावे वंशावळीत लिहिण्याची रीत नाही, असे पुष्कळ जण सांगतात. परंतु श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात; तीस मातृत्रयी म्हणतात. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या खापरपणजीचे नाव राहिले ते या रीतीमुळेच. जे नाव देवापितरांपुढे उच्चारावयास चालते, ते कागदावर छापावयास का चालू नये?

तिसरी गोष्ट आपल्या समाजाच्या अंतःकरणाला भिडणारी आहे. श्रीनामदेवरायांच्या (१२७०–१३५०) घरातील माणसांची नावे आज सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहेत. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. कन्या लिंबाई, बहीण आऊबाई, आणि दासी जनाबाई. एकूण पंधरा माणसे. ही नावे टिकली ती एखाद्या बखरकाराने वा दरबारी लेखकाने लिहून ठेवली म्हणून नव्हे. घरात दळणकांडण करणाऱ्या जनाबाईच्या नावाने चालत आलेल्या अभंगवाणीत ती गुंफलेली आहेत म्हणून. वाचकांनी ही नावे पुन्हा एकवार मोजून पाहावीत. पंधरांपैकी सहा पुरुष आणि नऊ स्त्रिया आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याच्या घरची ही नोंद आहे, आणि तीत सून आहे, लेक आहे, बहीण आहे, घरची दासीही आहे. आपल्या विसाव्या शतकातील वंशवृक्षांत मात्र यांपैकी कोणीच नाही.

याहूनही लक्षात घेण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. पंढरीच्या महाद्वारी नामदेवरायांनी परिवारासह समाधी घेतली, तेव्हा सून लाडाई बाळंतपणाकरिता माहेरी गेलेली होती, आणि पुढे तिच्याच पोटी नामदेवरायांचा वंश चालू राहिला, अशी संप्रदायात परंपरा आहे. नामदेवरायांची साठ पदे व त्यावर एक अशी ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट आहेत. पंजाबातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, व २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. एवढ्या थोर पुरुषाच्या वंशाचा धागा परंपरेने एका सुनेच्या हाती दिला आहे. मग तुमच्याआमच्या घरचा धागा एखाद्या विधवेने, सुनेने किंवा लेकीने दुष्काळातून, साथीतून ओढून आणला असेल, तर ते सांगण्यात कमीपणा कोणता?

कायद्याने तर हा निवाडा केव्हाच करून टाकला आहे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सर्व देशात २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या शासकीय कागदपत्रांत त्याच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा निर्णयही महाराष्ट्र शासनाने केला आहे. अशा वेळी ज्या वंशावळीत फक्त पुरुषच आहेत, ती वंशावळ पुढील पिढीस अर्धवटच वाटेल.

हे सर्व आम्ही आमच्या चुलतबंधूंपुढे मांडले. खरेदीखताचे देवनागरी रूपांतर त्यांस वाचून दाखविले. ‘कोम’ या शब्दापाशी त्यांनी आम्हांस थांबविले आणि ती ओळ पुन्हा वाचावयास सांगितली. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी आपण होऊन निरोप धाडला, की तक्ता पाठवावा. परंतु एक अट आहे. ज्याने दुसऱ्याच्या मुलास आपले नाव दिले, त्याचे नाव जन्मदात्याच्या खाली न लिहिता शेजारी, त्याच ओळीत लिहावे. ही अट आमच्या स्वतःच्या मनात आली नव्हती, आणि ती योग्य होती. त्याप्रमाणे तक्ता भरून दिला आहे. पहिल्या ओळीत खापरपणजीचे नाव मध्ये, आणि तिच्या दोहो बाजूंस दोघांची नावे आहेत. तक्त्याखाली दोन्ही पात्यांच्या सह्या आहेत. घरातील एका मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यात त्यानंतर हा विषय निघाला, तेव्हा समोरच्या मंडळींनी आपल्याही घरी असेच काहीतरी ऐकिवात असल्याचे सांगितले, आणि कोतवाल बुक कोठे पाहावयास मिळते याची चौकशी केली.

आता ज्ञातिबंधुभगिनींस काही नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. घरात जुन्या पेट्या, देव्हाऱ्यामागची बासने, दुकानातील जुन्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्या कोणास तरी दाखवाव्यात. जीर्ण कागदांस चिकटपट्टी लावू नये. ते कोरड्या सुती कापडात ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करू नयेत. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस आधी विचारावे व ती काय सांगते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. कागद पुढेही मिळतील, ती मिळणार नाही. एका कागदावरून निर्णय करू नये. दोन नोंदींत विसंगती आढळल्यास त्यांतील एक खोटी ठरविण्यापूर्वी, प्रत्येक नोंद कोणत्या कामाकरिता लिहिली गेली याचा विचार करावा.

आणि तक्ता भरताना प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे त्याच्या आईचे व पत्नीचे नाव, तिच्या माहेरच्या गावासह, अवश्य लिहावे. लेकींची नावे व त्या कोठे दिल्या हे लिहावे. घरात कोणी दत्तक आले असेल, कोणाचा पाट झाला असेल, कोणी घरजावई राहिला असेल, कोणास दुसऱ्याने वाढविले असेल, तर तेही लिहावे. आपल्या पूर्वजांनी कापडाचा तुकडाही वाया जाऊ दिला नाही. उरलेल्या चिंध्यांच्या वाकळी शिवून मुलांस ऊब दिली. घरातील माणसांची नावे तरी आपण वाया जाऊ देऊ नयेत, एवढीच प्रार्थना श्रीनामदेवरायांच्या चरणी करून वाचकांची रजा घेतो.